ग्लो साइन बोर्डातले चोक उन्हाळ्यात का जळतात? (सोलापूर, ट्यूबवाले बाहेरचे बोर्ड)

होटगी_रोड
बोर्डाची माहिती आधी देतो, मग प्रश्न.

दुकानाच्या वर, पश्चिमेकडे तोंड. माप १२ फूट × साडेचार फूट, खोली १० इंच. मागे आणि चारही बाजूंना जीआय (जस्त चढवलेला) पत्रा, पुढे बॅकलिट फ्लेक्स. आत ४ फुटी ३६ वॉटच्या १५ ट्यूब उभ्या लावलेल्या, प्रत्येकीला वेगळा इलेक्ट्रॉनिक चोक (ट्यूब पेटवून तिचा करंट आवरणारा डबा). बोर्डासाठी स्वतंत्र एमसीबी, ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की पडून वीज तोडणारा स्विच) आणि टायमर. संध्याकाळी ७ ते रात्री १२ चालू. सगळ्या ट्यूब लागलेल्या असताना क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती धरून करंट मोजायचं मीटर) ४.१ अँपियर.

तक्रारी तीन. मार्चअखेर ते जून या काळात चोक जातात, हिवाळ्यात एकही जात नाही. पाऊस पडला की आरसीसीबी पडते, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की आपोआप ठीक. आणि सध्या तीन ट्यूब फडफडतात, टोकं काळी झालीत.

मालकांना मराठी नाव मोठं करून नवा फ्लेक्स टाकायचा आहे, म्हणजे बोर्ड पूर्ण उघडा मिळणार. मालक म्हणतात, 'एकदाच काय ते करा.' तांब्याचा (तारेच्या वेटोळ्याचा, जुन्या पद्धतीचा) चोक घालू, चांगल्यातला इलेक्ट्रॉनिक घालू की सगळं काढून एलईडी?

जुना_वायरमन
भाऊ, कोणता चोक घालायचा हा प्रश्न शेवटी. आधी हे सांगा:

चोक बोर्डाच्या आत नेमके कुठे बसवलेत, वर, खाली की मधे? पत्र्यावर की लाकडी पट्टीवर? पंधरापैकी कोणत्या नंबरचे चोक गेले? केबल बोर्डात कुठून शिरते? बाजूला जाळी आहे का, तळाला भोकं आहेत का? रात्री १० नंतर व्होल्टेज किती मिळतं? बोर्डाच्या पत्र्याला अर्थिंगची वायर आहे का?

होटगी_रोड
चोक सगळे वरच्या कडेला, ओळीने, लाकडी पट्टीवर स्क्रूने. गेलेले चोक ६, ७, ८, १० नंबरचे, म्हणजे मधले. दोन्ही टोकांचे अजून मूळचेच आहेत. केबल वरून, मागच्या पत्र्यातल्या भोकातून. ग्लँड (केबल शिरते तिथे पाणी अडवणारी घट्ट कॉलर) नाही. दोन्ही बाजूंना छोटी जाळी होती, ती धागे आणि धुळीने पूर्ण बुजली आहे. तळाला भोकं नाहीत. काल रात्री ११ वाजता २४६ व्होल्ट. अर्थिंगची वायर पत्र्याला लावलेली दिसते, पण स्क्रू गंजलाय.

चोकदुरुस्ती
या माहितीत उत्तर जवळपास आलंच. मधले जातात आणि टोकाचे टिकतात, उन्हाळ्यात जातात आणि हिवाळ्यात टिकतात. असं दिसलं की चोकच्या कंपनीला दोष देण्याआधी उष्णतेकडे बघायचं.

इलेक्ट्रॉनिक चोकच्या डब्यावर 'टीसी' असं लिहिलेलं असतं आणि शेजारी एक ठिपका. त्या ठिपक्यापाशी डब्याचं तापमान जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा, साधारण ७० किंवा ७५ अंश. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा त्यातला सगळ्यात नाजूक भाग. त्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा की मर्यादेच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. ७० च्या चोकला ९० अंशांत चालवलं तर चौथा हिस्सा उरतो.

आता सोलापूरचा मे धरा. दिवसा पारा ४२-४४. पश्चिमेच्या बोर्डावर दुपारी २ पासून सूर्य मावळेपर्यंत थेट ऊन. संध्याकाळी ७ ला टायमर लागतो तेव्हा पत्रा अजून तापलेलाच असतो, आणि त्याच वेळी आत १५ ट्यूबची मिळून पाचशे वॉटच्या वर उष्णता सुरू होते. गरम हवा वर जाऊन साठते, नेमकी तुमचे चोक आहेत तिथे. लाकडी पट्टीमुळे चोकची उष्णता पत्र्यात उतरत नाही. टोकाच्या चोकना बाजूच्या पत्र्याचा थोडा थंडावा मिळतो, मधल्यांना तोही नाही.

अंदाजावर राहू नका, मोजा. मल्टीमीटरचा तापमानाचा प्रोब मधल्या चोकच्या टीसी ठिपक्यावर ॲल्युमिनियम टेपने घट्ट चिकटवा, वायर तळाच्या फटीतून बाहेर काढा, बोर्ड बंद करून दोन तास चालवा आणि मग वाचा. आज बाहेर ३० अंश असताना ६८ आलं तर मे महिन्यात संध्याकाळी बाहेर ४० असताना ७८ च्या आसपास जाणार, इतका साधा हिशेब.

४.१ अँपियरबद्दलही सांगतो. ४.१ गुणिले २३० म्हणजे ९४३ व्होल्टअँपियर. प्रत्यक्ष वॉट ५५०-५७० च्या आसपास असणार. वॉट भागिले व्होल्टअँपियर म्हणजे पॉवर फॅक्टर, तो ०.६ निघतो. म्हणजे हे चोक साध्या बनावटीचे आहेत, आत पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नाही. अशा चोकमध्ये व्होल्टेजच्या उसळीपासून संरक्षणही बहुधा नावालाच असतं. ३६ वॉटचा चांगला इलेक्ट्रॉनिक चोक ०.१६ ते ०.१७ अँपियर घेतो, तुमचा ०.२७ घेतोय.

आणि २४६ व्होल्ट हेही जास्तच. २३० च्या वर ६ टक्के धरले तरी मर्यादा २४४ ला संपते. यंत्रमागाच्या भागात दिवसा व्होल्टेज खाली आणि माग थांबले की वर, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण तुमच्या दुकानात थ्री फेज असेल तर मीटरपासून डीबीपर्यंतचे (एमसीबींच्या पेटीपर्यंतचे) न्यूट्रलचे जोड एकदा जरूर तपासा. न्यूट्रल ढिला असला की एका फेजवर १८० आणि दुसऱ्यावर २७०-२८० असा खेळ होतो. अशा एका रात्रीत चार-पाच चोक एकदम जाऊ शकतात.

फ्रेमवाला
पेटीबद्दल माझ्याकडून.

जाळी आणि तळाची भोकं नसलेला बोर्ड म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. तळाला दर दोन फुटांवर ८ ते १० मिलिमीटरचं एक भोक पाडा, पत्र्याचा तळ किंचित पुढे उतरता ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना खाली एक आणि वर एक अशी झडप कापा, साधारण ६ इंच × ४ इंच, पट्ट्या खाली वळलेल्या, आतून बारीक जाळी. खालून थंड हवा आत, वरून गरम बाहेर. फक्त वर झडप ठेवून खाली काहीच नसेल तर हवा फिरत नाही.

काही जण पाणी शिरू नये म्हणून सगळीकडून सिलिकॉन मारून पेटी सीलबंद करतात. मला ते अजिबात पटत नाही. पेटी रात्री तापते, पहाटे थंड होते आणि बारीक फटींतून दमट हवा ओढून घेते. ते पाणी आत पत्र्यावर धरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. सिलिकॉन फक्त वरच्या जोडावर आणि मागच्या पत्र्याच्या वरच्या कडेला. तळ मोकळा.

सोलापुरात जाळीचा खरा शत्रू धागा. माग, टॉवेलचे कारखाने, शिलाईची दुकानं जवळ असली की हवेतली सुताची लव जाळीवर बसते आणि वर धूळ बसून नमदा तयार होतो. वर्षातून दोनदा जाळी ब्रशने साफ करायची, एकदा होळीच्या आसपास आणि एकदा पावसाळा संपल्यावर. मालकाला हे लिहून द्या. जाळी नको म्हणून काढून टाकू नका. पावसाळ्यातले किडे आणि पाली आत शिरतात आणि होल्डरच्या पट्ट्यांवर शॉर्ट करतात.

मापाबद्दल एक गोष्ट नव्यांसाठी. ४ फुटी ट्यूब पिनांसकट सुमारे १२१४ मिलिमीटर असते. ४ फुटी बोर्ड बाहेरून १२१९. चौकटीचा पाइप वजा केला की ट्यूब उभी बसतच नाही, होल्डरला तर जागाच नाही. म्हणून उभ्या ट्यूबसाठी बोर्ड साडेचार फुटांचा लागतो, तसा तुमचा आहे ते बरंच झालं. ४ फुटी पेटीत ट्यूब आडव्या लावाव्या लागतात, आणि मग एका ओळीतली ट्यूब जिथे संपते तिथे दुसरीचं टोक ३-४ इंच पुढेमागे घ्यायचं, नाहीतर फ्लेक्सवर काळा पट्टा दिसतो.

तुमच्या बोर्डात अंतर बरोबर आहे. १२ फूट म्हणजे ३६५८ मिलिमीटर, भागिले १५, म्हणजे ट्यूबच्या मध्यापासून मध्यापर्यंत २४४. पहिली ट्यूब कडेपासून १२२ वर. ट्यूबपासून फ्लेक्स सुमारे २०० मिलिमीटरवर. फ्लेक्सला ट्यूबमधलं अंतर हे ट्यूब ते फ्लेक्स अंतराच्या सव्वापटीपर्यंत ठेवलं तर पट्टे दिसत नाहीत. दुधी ॲक्रिलिकला दीडपटही चालतं. पेटी कमी खोल केली की ट्यूब वाढवाव्याच लागतात. आतून पांढरा मॅट रंग मारा. उघडलंच आहे तर हे काम स्वस्तात होतं आणि उजेडात फरक लगेच दिसतो.

अशोक_चौक
तांब्याचा चोक घाला असं माझं स्पष्ट मत. जड असतो, थोडी वीज जास्त खातो, मान्य. पण आपल्या हवेत तोच टिकतो.

त्याच्या पट्टीवर 'टीडब्ल्यू १३०' आणि 'डेल्टा टी ५५' असे आकडे असतात. अर्थ असा की वेटोळं १३० अंशांपर्यंत चालेल आणि चोक स्वतः ५५ अंशांनी तापेल. १३० मधून ५५ गेले, ७५ उरले. म्हणजे चोकभोवतीची हवा ७५ अंशांपर्यंत चालते. बोर्डात मे महिन्यात ६० झाले तरी जागा शिल्लक आहे. डेल्टा टी ७० वाला चोक घेतला तर उरतात ६० च, म्हणून घेताना हा आकडा वाचून घ्या. आयएसआय मार्क बघा, मानक आयएस १५३४. इलेक्ट्रॉनिकचं मानक वेगळं, आयएस १३०२१.

जोडणी सगळ्यांना माहीत असते, तरी चुका तिथेच होतात. फेज चोकमधून ट्यूबच्या एका टोकाच्या एका पिनेला. न्यूट्रल दुसऱ्या टोकाच्या एका पिनेला. दोन्ही टोकांच्या उरलेल्या पिनांमध्ये स्टार्टर. चोक न्यूट्रलमध्ये घातला तरी ट्यूब लागते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण मग होल्डरपर्यंत थेट फेज पोचतो, वायरचा कुठे पत्र्याला स्पर्श झाला तर करंट अडवायला चोक मधे नसतो.

३६ वॉटच्या चोकला ट्यूबचा करंट ०.४३ अँपियर, पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास. कपॅसिटर न लावता पंधरांचे होतात ६.४५ अँपियर. प्रत्येकाला ४ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्ट एसीचा कपॅसिटर फेज-न्यूट्रलच्या मधे लावला, चोकच्या अलीकडे, की ३.३ च्या आसपास येतात. कपॅसिटर डिस्चार्ज रेझिस्टर (बंद केल्यावर साठलेली वीज उतरवणारा भाग) असलेलाच घ्या. नाहीतर बंद केलेल्या बोर्डातही शिडीवर झटका बसतो, आणि शिडीवरचा छोटा झटकाही माणसाला खाली पाडतो.

२ फुटी १८ वॉटच्या ट्यूब असतील तर ३६ च्या एका चोकवर दोन ट्यूब सिरीजमध्ये चालतात. मात्र स्टार्टर ११०-१३० व्होल्टवाले घ्यायचे, त्यावर ४-२२ वॉट लिहिलेलं असतं. नेहमीचा ४-६५ वाला तिथे लागला की ट्यूब लागायला कुरकुर करतात. दोन्ही दिसायला सारखेच असतात, म्हणून दुकानातून घेताना वाचून घ्या.

चोकदुरुस्ती
अशोक_चौक यांच्याशी या बोर्डापुरता सहमत. एकच जोड देतो: तांब्याचा चोक उष्णतेने मरत नाही, तो मरतो खराब ट्यूब आणि अडकलेल्या स्टार्टरमुळे.

ट्यूब संपत आली की एका टोकाच्या फिलामेंटवरचा लेप उडतो आणि करंट एकाच दिशेने नीट जातो. त्यामुळे चोकमधून डीसीचा अंश वाहू लागतो, लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो, चोक घूं असा आवाज करतो आणि नेहमीपेक्षा खूप जास्त तापतो. दुसरा प्रकार, स्टार्टरच्या आतली पट्टी चिकटते. दोन्ही टोकं लाल-पिवळी पेटलेली राहतात, मधे उजेड नाही. तेव्हा चोकमधून ०.४३ ऐवजी ०.६ च्या वर अँपियर वाहतात, रात्रभर. म्हणून फडफडणारी ट्यूब बोर्डात ठेवायची नाही. 'अजून चालतेय तोवर चालू दे' म्हणणाऱ्या मालकाला चोकची किंमत सांगा.

थोडे पैसे जास्त घालायची तयारी असेल तर इलेक्ट्रॉनिक स्टार्टर मिळतात. काही प्रयत्नांत ट्यूब लागली नाही तर ते स्वतः बंद होतात आणि चोक वाचतो. उंचावरच्या बोर्डाला मी तरी तेच सुचवीन.

जुना_वायरमन
फडफडणाऱ्या तीन ट्यूबकडे येऊ. कोणती वस्तू खराब आहे हे एका बैठकीत कळतं, सगळं बदलायची गरज नसते.

सगळ्यात आधी जागा बदला. ६ नंबरची ट्यूब १ नंबरच्या पट्टीत आणि १ ची ६ मध्ये. दोष ट्यूबबरोबर गेला तर ट्यूब खराब. दोष जागेवरच राहिला तर चोक, स्टार्टर, होल्डर किंवा वायर. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, तरी आधी नवा चोक घालून बघणारे फार.

ट्यूबच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटरने पिन ते पिन मोजा. थंड फिलामेंट २ ते ५ ओहम दाखवतं. अजिबात काही नाही दाखवलं तर फिलामेंट तुटलंय. तांब्याचा ३६ वॉटचा चोक दोन टोकांत साधारण २५ ते ४० ओहम दाखवतो. खूप कमी आला तर वेटोळी आपापसांत चिकटलीत. असा चोक नव्या ट्यूबचं फिलामेंट लावल्याबरोबर उडवतो. नवी ट्यूब लावली, एकदा लखकन चमकली आणि मेली, तर दुसरी नवी ट्यूब तिथे मुळीच लावू नका, आधी चोक मोजा. चोक आणि पत्रा यांच्यात मात्र काहीच दाखवता कामा नये.

इलेक्ट्रॉनिक चोकचं असं ओहममध्ये कळत नाही. चांगली ट्यूब लावून, इनपुटला २३० येतंय हे बघून, क्लॅम्पने करंट मोजायचा. शून्य असेल तर आतला फ्यूज गेला. करंट येतोय आणि ट्यूब मंद किंवा नुसती टोकं पेटतात, तर आउटपुटची बाजू किंवा होल्डर.

होल्डर विसरू नका. बाहेरच्या बोर्डात ऊन आणि ट्यूबच्या उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होतं, पट्टी ढिली पडते, वाऱ्याने बोर्ड हलला की ठिणगी उडते आणि पिन काळी पडते. काळी पिन घासून परत लावणं म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा शिडी. होल्डर बदला, फिरवून लॉक होणारा घ्या.

बोर्ड उघडला की सगळे चोक हाताने चाचपून बघा, अर्थात एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री करून. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर पुढचा नंबर त्याचाच.

मंगळवार_पेठ
इलेक्ट्रॉनिकच ठेवायचा असेल तर काय काळजी घ्यायची? आमच्याकडे दोन ट्यूबला एक चोक असे बोर्ड आहेत, त्यात एक ट्यूब नेहमी दुसरीपेक्षा मंद.

चोकदुरुस्ती
ते वायरच्या लांबीमुळे होतं. इलेक्ट्रॉनिक चोकच्या आउटपुटला ५० हर्ट्झ नसतात, २० ते ५० किलोहर्ट्झ असतात. एवढ्या वारंवारितेला लांब वायर, पत्र्याला चिकटून गेलेली वायर, किंवा इनपुटबरोबर एकाच पट्ट्यात बांधलेली वायर म्हणजे करंट पत्र्याकडे गळणं. ज्या ट्यूबची वायर लांब ती मंद. चोक दोन ट्यूबच्या मधोमध बसवा. वायर तोडून लांबी सारखी करा, एक मीटरच्या आत ठेवा. जास्तीची वायर गुंडाळी करून कोपऱ्यात कोंबू नका. रंगांची जोडणी चोकवरच्या चित्राप्रमाणेच, कारण प्रत्येक बनावटीत रंग वेगळे.

चोक आधी फिलामेंट तापवणारा असेल तर होल्डरच्या दोन्ही पिना वेगळ्या असलेलाच होल्डर. थंड फिलामेंटवर झटकन लावणारा असेल तर टोकाच्या दोन्ही पिना एकत्र. पहिल्या प्रकारच्या चोकला दुसऱ्या प्रकारचा होल्डर लावला की चोकचा आउटपुट शॉर्ट होतो.

आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या बोर्डात आधीचे पॉवर फॅक्टर कपॅसिटर राहिले असतील तर काढून टाका. हे फार ठिकाणी राहून जातं.

मेगर_५००
पावसातल्या आरसीसीबीबद्दल. केबल वरून शिरते म्हणजे पाणी वायरवरून वाहत आत येतंय. केबल खालून घ्या. बोर्डात शिरण्याआधी ६ इंचांचा खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे थेंब वळशावर गळून पडतो. ग्लँड लावा, वरचं भोक रिव्हेट आणि पत्र्याच्या तुकड्याने कायमचं बंद करा. जंक्शन आत असेल तर तळापासून किमान ४ इंच वर.

तरीही तपासणी करा, कारण दोन ठिकाणी गळती असू शकते. एमसीबी बंद. बोर्डातल्या टर्मिनलवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवा. नुसती केबल ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी मोजा. १ मेगाओहमच्या खाली आली तर केबल बदला, चांगली केबल याच्या कितीतरी वर असते. मग बोर्डाच्या बाजूला फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा. एकत्र बांधायचं विसरू नका. फेज आणि न्यूट्रलच्या मधे ५०० व्होल्ट दिले तर इलेक्ट्रॉनिक चोक बिघडू शकतो. आकडा कमी आला तर पाच-पाच चोकचे गट सोडवत जा, कोणत्या गटाने आकडा वर जातो ते कळतं. ही मोजणी पाऊस पडून गेल्यावर लगेच करा. कोरड्या दिवशी सगळं छान दाखवेल.

इलेक्ट्रॉनिक चोकच्या फिल्टरमधून अर्थकडे थोडा करंट कायम जातो, प्रत्येकी अर्धा मिलीअँपियरपर्यंत धरा. १५ चोकचे साडेसात. ३० मिलीअँपियरची आरसीसीबी १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकते. म्हणजे ओलाव्याला फार जागा उरत नाही. गळती होते म्हणून अर्थिंगची वायरच काढून टाकणारेही भेटतात. तसं करू नका. मग पत्रा जिवंत होतो आणि शटर उघडणाऱ्या माणसाला पावसात कळतं.

एमसीबी सिंगल पोलची आहे आणि ती बंद असतानाही आरसीसीबी पडते, असं झालं तर न्यूट्रल पत्र्याला लागलाय. फेज शोधत बसू नका.

गंजलेला अर्थचा स्क्रू काढा, रंग खरवडा, दातेरी वॉशरसह नवा बोल्ट लावा. उघडणाऱ्या दारालाही वेगळी लवचीक वायर द्या, बिजागरीवर भरवसा ठेवू नका.

जुळे_सोलापूर
एवढा खटाटोप कशाला? एलईडी ट्यूब घाला. १८-२० वॉटच्या पंधरा, ३०० वॉटमध्ये काम. पाऱ्याच्या ट्यूब आता बंदच होणार आहेत.

चोकदुरुस्ती
बंद होणार हे खरं. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून आहे, आणि २०२३ च्या बैठकीत लांब फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. म्हणून नवा बोर्ड बनवताना फ्लुरोसंट घालू नये, हे मीही सांगतो. चालू बोर्डाला मात्र दुकानात ट्यूब मिळतात तोवर दुरुस्तीत अर्थ आहे.

पण एलईडी घातली की प्रश्न संपतात असं नाही. तिच्या आतही ड्रायव्हर आहे, त्यातही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहे. त्याच बंद पेटीत त्याच उष्णतेत तोही मरतो. झडपा, तळाची भोकं, खालून केबल, अर्थिंग हे सगळं करावंच लागतं.

जोडणी तीन प्रकारची. काही ट्यूब तांब्याचा चोक ठेवून, स्टार्टरच्या जागी सोबत आलेला डमी लावून चालतात. काहींना चोक काढून एका टोकाच्या दोन पिनांना फेज-न्यूट्रल, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. एका बोर्डात दोन प्रकार मिसळू नका. चोक काढला असेल तर बोर्डाच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस साधी ट्यूब लावेल आणि ती जळू शकते.

फ्रेमवाला
खांबावरच्या दुतर्फा बोर्डाला एलईडी ट्यूब जपून. फ्लुरोसंट ट्यूब चारही बाजूंना उजेड देते, एलईडी ट्यूब एकाच बाजूला. एक तोंड झगझगीत, दुसरं अंधारं. तिथे ट्यूब आलटूनपालटून उलट्या लावाव्या लागतात किंवा दोन्ही बाजूंना उजेड देणाऱ्या घ्याव्या लागतात.

अशोक_चौक
आणि कपॅसिटर! तांब्याच्या चोकचे १५ कपॅसिटर आत तसेच ठेवून एलईडी घातली तर ६० मायक्रोफॅरड लाइनवर राहतात. २३० व्होल्टला ते एकटे ४.३ अँपियर घेतात. वीज वाचवायला एलईडी घातली आणि क्लॅम्पवर करंट आधीपेक्षा जास्त, असं दिसतं ते यामुळेच. टायमरचे काँटॅक्टही चिकटतात. टायमरवर १६ अँपियर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या लोडसाठी, कपॅसिटरच्या लोडला मधे काँटॅक्टर (मोठा करंट झेलणारा वेगळा स्विच) घालावा.

होटगी_रोड
आज फ्लेक्स उतरवून बघितलं. प्रोब लावून आधी मोजलं होतं: बाहेर ३४, मधल्या चोकवर दोन तासांनी ७९. चोकवर टीसी ७०. गेलेल्या चोकचे कपॅसिटर फुगलेले. न्यूट्रलचा जोड मीटरखाली ढिला सापडला, घट्ट केल्यावर रात्री २३८. मेगरवर केबल अर्ध्या मेगाओहमला, वरच्या भोकापाशी साल कापलेली.

मालकांनी तांब्याला होकार दिलाय. चोक कुठे बसवू? आणि जुन्या ट्यूबचं काय करायचं?

जुना_वायरमन
चोक मागच्या पत्र्यावर, खालच्या तिसऱ्या भागात, तळापासून ५-६ इंच सोडून. लाकूड नको. मागे २० गेजची आडवी पट्टी चौकटीला रिव्हेट करून त्यावर बसवा, कारण एकेका चोकचं वजन अर्ध्या किलोच्या वर आणि नुसता पातळ पत्रा वाऱ्यात थरथरतो. दोन्ही स्क्रू पूर्ण आवळा. ढिला चोक घूं करतो आणि उष्णताही पत्र्यात उतरत नाही. दोन चोकमध्ये निदान एका चोकच्या रुंदीएवढी जागा. तुमच्या २४४ च्या अंतरात ती सहज मिळते. आतली वायर १०५ अंश सोसणारी घ्या, पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू नये म्हणून बसवायचं कडं). केबल दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, एमसीबी सी प्रकारची १० अँपियर.

ट्यूब फोडून कचरापेटीत टाकू नका. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवे २०१६ पासून आहेत, खोक्यात उभ्या भरून अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. काम करताना एखादी फुटलीच तर दारं उघडून माणसं बाजूला करा, झाडू मारू नका, जाड कागदाने गोळा करून ओल्या फडक्याने पुसा आणि ते सगळं बंद पिशवीत.

अशोक_चौक
फ्लेक्स ताणण्याआधी उघड्या बोर्डावर दोन तास चालवून क्लॅम्प लावा. ३.३ ते ३.६ अँपियर आलं तर सगळं जागेवर. एखादा कपॅसिटर लागला नसेल किंवा मेलेला असेल तर प्रत्येकामागे साधारण ०.२ अँपियर वाढतो, म्हणजे ४ दिसले की तीन कपॅसिटर शोधायचे. हे फ्लेक्स बसल्यावर शोधायला गेलात तर पुन्हा सगळा फ्लेक्स सोडावा लागेल.

होटगी_रोड
उद्या संध्याकाळी चालवून आकडा टाकतो. झडपा आणि तळाची भोकं आजच कापून घेतली, केबल खालून आली.

मेगर_५००
पहिल्या पावसानंतर केबल आणि बोर्ड पुन्हा मेगर करा, आणि तो आकडा तारखेसह बोर्डाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला लागेल.